शिंगातला खड्डा

१

सावरटोल्याची शारदा त्या दुपारी विसर्जनासाठी वाजतगाजत तलावावर आली, तेव्हा कुणाच्या मनात धास्ती नव्हती. धास्ती घालवायचा बंदोबस्त आधीच झाला होता.

उन्हाळ्यात तलाव आटला असताना कुणीतरी त्याच्या पोटातून चोरून मुरूम उपसून नेला होता. पावसाळ्यात त्या खड्ड्यावर पाणी चढलं. सावरटोल्याचा तलाव एका टोकाला म्हशीच्या शिंगासारखा निमुळता होत जातो. त्या टोकाला गाव ‘शिंग’च म्हणतं. खड्डा शिंगात आहे एवढं साऱ्यांना ठाऊक होतं. शिंगात नेमका कुठं, हे गढूळ पाण्याखाली कुणाला सांगता येईना. म्हणून ग्रामपंचायतीनं नागभीडकडच्या एका कॉलेजला गळ घातली. कॉलेजच्या लोकांनी डोंग्यात बसून तलाव मोजला, कॉम्प्युटरवर त्याचा रंगीत नकाशा काढला आणि गावाला दिला. गडद निळं तिथं खोल, फिकं निळं तिथं उथळ. शिंगातला गडद डाग पाळीला, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाला, लागून होता. गावाकडचा काठ सगळा फिका. पंचायतीनं त्या फिक्या भागात बांबू रोवले, दोरी ओढली आणि सांगितलं, विसर्जन इथं करा.

धनराज मारबते सगळ्यांच्या पुढं होता. जातीचा ढीवर, पाण्यातच वाढलेला. गुडघाभर पाण्याच्या भरवशावर तो मूर्तीचा पाट खांद्यावर घेऊन उतरला, दोरीच्या आत राहिला, आणि पायाखालची जमीन एकाएकी संपली. तो खाली गेला आणि त्याच्यावर मूर्ती गेली. मातीच्या ओझ्याखाली पोहणाऱ्याचे हात काय करणार!

लोकांनी त्याला वर काढलं तेव्हा श्वास चालू होता. शुद्ध नव्हती. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत गावात एकच नाव तोंडोतोंडी झालं. नकाशा काढणारी ती नवी मॅडम. उर्वशी देशकर.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य इंदुताई गहाणे यांनी गणिताच्या जया निकुरेंना बोलावून घेतलं.

“जया मॅडम, तुम्ही गणिताच्या. नकाशा चुकला तो कुणामुळं, एवढंच मला सांगा. शनिवारी समिती बसते आहे.”

“उर्वशीची चूक निघाली तर?”

“तर ती घरी जाईल. पोलिसांत कागदही जाईल. गाव ऐकायला तयार नाही.”

जयाला वाईट वाटायला हवं होतं. पण उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं, तसं काहीतरी गार तिच्या आत उतरलं. तिची तिलाच लाज वाटली. तरी ते गार वाटायचं थांबलं नाही.

२

कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली जयानं उभी केली होती. संस्थेच्या मागं लागून, गळक्या कौलांखाली प्लास्टिक ताणून, एकेक यंत्र आणवलं होतं. नव्वदीच्या शेवटी या भागात कॉम्प्युटर म्हटलं की लोक जयाकडं बोट दाखवत. आणि मागल्या वर्षी नागपूरहून उर्वशी आली. सत्तावीस वर्षांची, वेणी न घालणारी, शिकवताना फळ्याकडं न बघणारी. सहा महिन्यांत पोरं शंका विचारायला तिच्या टेबलाशी जाऊ लागली. जयाचे यजमान अमर एकदा स्नेहसंमेलनाला आले, आणि घरी जाताना म्हणाले, “तुमची ती नवीन मॅडम भलती हुशार आहे हो.” जयानं त्या रात्री भाजीत मीठ घातलं नाही, आणि ते कुणाच्या लक्षात आलं तरी कुणी बोललं नाही.

पण खरा काटा रुतला तो तलावावरून.

पाळीपासून गावाकाठापर्यंत दोरी ताणायची, डोंगा त्या दोरीनं न्यायचा, ठरावीक अंतरावर बांबू बुडवून खोली मोजायची. एक दोरी म्हणजे तक्त्यातली एक ओळ. पाळ सरळ असल्यामुळं ओळी एका रेषेत सुरू होत, पण संपत मात्र वेगवेगळ्या ठिकाणी. रुंद भागात लांबलचक ओळ, शिंगात आखूड. आणि गणिताच्या सॉफ्टवेअरला हवा चौकोनी तक्ता, सगळ्या ओळी सारख्या. जयानं आठवडाभर डोकं फोडलं. शेवटी ती विद्यार्थ्यांसमोर म्हणाली, “शिंग सोडून द्या. मधला चौकोनी तुकडा तेवढा काढू.”

उर्वशी मागच्या बाकावरून म्हणाली, “मॅडम, तलाव कशाला कापायचा? जिथं तलावच नाही, ती घरं रिकामी ठेवू. रिकाम्या घराला हे सॉफ्टवेअर ‘इथं आकडाच नाही’ असं समजतं आणि तेवढी जागा पांढरी सोडतं.”

आणि तिनं ते करून दाखवलं. पडद्यावर पांढऱ्या कोऱ्या जागेत निळं शिंग उमटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जयानंही वाजवल्या.

आता तीच उर्वशी तिच्यासमोर बसली होती. डोळे सुजलेले.

“पहिल्या दिवशी पाळीकडून मोजलं,” उर्वशी सांगू लागली. “दुसऱ्या दिवशी वारा उलटा होता, म्हणून गावाकाठाकडून सुरुवात केली. म्हणजे दुसऱ्या दिवसाचे आकडे उलट्या क्रमानं आले. तक्त्यात भरताना ते फिरवून लिहायचे होते.”

“आणि तू ते फिरवायला विसरलीस.”

“नाही मॅडम. फिरवले. मी पडद्यावर बघितलं होतं, खड्डा गावाच्या बाजूला होता. छापायचं काम राहिलं होतं, मी नागपूरला गेले. परत आले तर अपघात झालेला.” तिनं डोळे पुसले. “आता यंत्रातल्या तक्त्यात आकडे उलटे आहेत. माझी एक फ्लॉपी होती, कपाटात. ती पण नाही.”

यंत्राचं घड्याळ कधीचं मेलेलं. फाइल कधी बदलली हे विचारलं की ते एकोणीसशे ऐंशी सांगे. फ्लॉपी नाही, घड्याळ नाही. उरला फक्त उर्वशीचा शब्द.

“खोलीची चाबी कुणाकुणाकडं असते?” जयानं विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

“माझ्याकडं. विक्कीकडं. भूगोलाच्या प्रेमिला मॅडमकडं.” उर्वशीनं मान वर केली. “आणि तुमच्याकडं.”

३

विक्की हा त्या खोलीचा ऑपरेटर. छापणं, धूळ पुसणं, वीज गेली की शिव्या घालणं, ही त्याची कामं. मोजणीच्या दोन्ही दिवशी डोंग्यात दोरी धरायला तोच होता. जयानं बोलावल्यावर तो दारातच उभा राहिला.

“मी काईच केलं नाई मॅडम. मले फक्त छापाले सांगतलं होतं. छापलं.”

“कोणी सांगितलं?”

“उर्वशी मॅडमच सांगून गेल्त्या. आल्यावर मोठ्या सायेबाले दाखवाचा हाये म्हणे, कॉलेजच्या प्रदर्शनात. त्याच दिवशी पंचायतीचा मानूस आला. मंग एक त्याले बी देल्ला. का बिघडलं?”

“मोजणी कुठून कुठपर्यंत झाली?”

“पयल्या दिवशी तलावाचा मोठा भाग. दुसऱ्या दिवशी तुडुमापासून शिंगाच्या टोकापर्यंत, समदं गावाकडून पाळीकडं.” तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताला सोडायचं तोंड. ते पाळीतच असतं.

“आणि कपाटातली फ्लॉपी कुठं आहे, विक्की?”

विक्कीचा चेहरा उतरला. मोजणीनंतर थोड्याच दिवसांत उर्वशीनं त्याचा यंत्रावरचा पत्त्यांचा खेळ बंद पाडला होता, सगळ्यांदेखत. तेव्हापासून तो तिच्या वाऱ्याला उभा राहत नसे. जयानं मनातल्या मनात एक गाठ मारली.

“पोलीस आले तर त्यांना सांगशील का?” ती म्हणाली.

विक्कीनं खिशात हात घातला आणि फ्लॉपी टेबलावर ठेवली.

जयानं ती यंत्रात सरकवली. तिच्यात तलाव नव्हता. तिच्यात पत्त्यांचा खेळ होता.

“मले वाटलं कोरी हाये,” विक्की रडकुंडीला आला. “त्याईनं यंत्रातून काढून टाकला, म्हनून मी फ्लॉपीत ठेवला. मंग समजलं का ते त्याईच्या नकाशाची होती. तवापासून खिशातच घेऊन फिरून राह्यलो मॅडम. सांगाची हिंमत झाली नाई.”

तो मूर्ख होता, खोटा नव्हता. आणि त्या मूर्खपणात उर्वशीचा एकमेव पुरावा पुसला गेला होता. आता जयानं ‘उर्वशी विसरली’ एवढं लिहून दिलं असतं, तर ते कुणालाही खोडता आलं नसतं.

४

डबा खायला ती प्रेमिला बोरकरकडं गेली. प्रेमिला भूगोलाची, जयाची जुनी मैत्रीण. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या, एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींचे तास घेतले. प्रेमिलाच्या हातचे नकाशे म्हणजे देखणं काम. टाकानं काढलेल्या नद्या, रंगाच्या हलक्या छटा, मोत्यासारखी अक्षरं. तिचा जिल्ह्याचा नकाशा एका सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर लागलेला होता. सावरटोल्याचा काठही आधी तिनंच पाळीवर बसून रेखला होता. मग उर्वशीचा रंगीत कागद यंत्रातून सरसर बाहेर आला आणि तिचा काठ कुणी मागितला नाही.

“घे, बांबूचं लोणचं आणलं,” प्रेमिलानं डबा पुढं केला. “का म्हणते ते महाराणी?”

“म्हणते, मी बरोबर भरलं होतं.”

“म्हणणारच. मागे परीक्षेच्या वेळी मले शिकवाले निंगाली होती, आठवते ना? मी गैरहजर पोराच्या घरात शून्य टाकला. त म्हणे, ‘मॅडम, शून्य म्हणजे तो आला आणि काही लिहिलं नाही. आलाच नाही तर घर रिकामं ठेवा.’ साऱ्याइच्या समोर! अगा, घर रिकामं ठेवलं का कोणी बी मागून भरते. बावीस वर्षांपासून मी असंच करून राह्यलो, तुले माहीत हाये.” प्रेमिलानं पोळीचा तुकडा मोडला. “लिहून दे जया. विसरली म्हण. तिले नागपुरात नोकऱ्या पडल्या हायेत. आपल्याले इथंच राहाचं हाये.”

जयाला ते ऐकायला बरं वाटलं. आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात एक सुख असतं. आपण वाईट ठरत नाही. दोघी थोडं हसल्याही.

“तरी एकदा गावात जाऊन येते,” जया उठताना म्हणाली.

“काऊन?” प्रेमिलाचा घास हातातच राहिला. “तिथी का ठेवलं हाये आता?”

५

सावरटोल्यात पंचायतीच्या भिंतीवर नकाशा तसाच होता. खाली दोघेतिघे बसले होते. जया कॉलेजची आहे म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. बोलली ती धनराजची बायको शकुबाई. दवाखान्यातून कपडे न्यायला ती तेवढ्यात घरी आली होती.

“का पाहाले आल्या बाई? मानूस शुद्धीवर नाई आला अजून.”

“ताई, मोजणीच्या दुसऱ्या दिवशी डोंगा कुठून निघाला होता?”

“आमच्या दारातूनच. मायाच हातचा चहा पेले समदे. पयले तुडुमासमोरची दोरी मोजली, मंग सरकत सरकत शिंगात गेले.” शकुबाई नकाशाजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती. “आमी अनपढ, म्हनून कागदावर भरोसा ठेवला. नाई त हा कागद पयल्याच दिवशी हासण्याचा होता. पाहा ना, मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यावर पाणी दाखवते हा! ते देऊळ कवा बुडलं वो? पोट्टे हासले, म्हणाले, मारुती बी आंघोळीले उतरला.”

जया पुढं झाली. खरंच. शिंगाच्या जागी गावाकाठ ओलांडून एक फिक्या निळ्याची अरुंद पट्टी कोरड्या जमिनीवर गेली होती. देवळाच्या पायऱ्या गिळून थेट कागदाच्या कडेपर्यंत. तिच्या वर पांढरं, खाली पांढरं. बाकी सगळा काठ स्वच्छ कापल्यासारखा, आणि तेवढ्याच भागात पाणी सांडल्यासारखं.

मग तिची नजर तुडुमाकडं गेली. तुडुमासमोर, पाळीला लागून, ठसठशीत गडद निळं. तिथं पाणी खोल असतंच, ते लहान पोरालाही माहीत. नकाशात ते अगदी बरोबर जागी होतं.



तुडुमाची ओळ दुसऱ्या दिवशीची होती. विक्कीनं तेच सांगितलं, शकुबाईनंही तेच. उर्वशी जर दुसऱ्या दिवसाच्या ओळी फिरवायला विसरली असती, तर तुडुमाची ओळही उलटी पडली असती. तुडुमाचं खोल पाणी गावाच्या अंगाला दिसलं असतं. ते तर जागेवर होतं. दुसऱ्या दिवसाच्या बाकी साऱ्या ओळी सरळ होत्या. उलट्या होत्या त्या फक्त खड्ड्यावरून गेलेल्या.

विसरणारा माणूस सगळंच विसरतो. निवडून विसरत नाही.

म्हणजे उर्वशी चुकली नव्हती. कुणीतरी मागून त्या ओळी हुडकून काढल्या होत्या, आणि गावाकडचा खड्डा उचलून पाळीकडं नेऊन ठेवला होता.

नागभीडकडं परतणाऱ्या बसमध्ये दुतर्फा धानाचे बांध मागं सरत होते. जयाच्या पोटातलं ते गार पाणी आता नव्हतं. त्या फिक्या पट्टीचा अर्थ हळूहळू तिच्या ध्यानात येऊ लागला होता. तो येऊ नये, असं तिला वाटत होतं.

६

शुक्रवारी सकाळी तिनं खोलीत यंत्रावर एक छोटा तक्ता उघडून ठेवला. एका डबक्याचा, मनानंच रचलेला. काही ओळी लांब, काही आखूड. एका कागदावर तिनं दोन आखूड ओळींचे आकडे उलट्या क्रमानं लिहिले.

आधी विक्कीला बसवलं. “या दोन ओळी खोडून, या कागदावरून परत भर.”

विक्कीनं भरल्या. पुढची घरं त्यानं सोडून दिली. चित्र काढलं तर ओळी उलटल्या, पण डबक्याचा काठ साफ. बाहेर सगळं पांढरं.

उर्वशीला बसवलं. तिनंही घरं रिकामी सोडली, आणि विचारलं, “मॅडम, या ओळी उलट्या का आहेत?”

“नुसतं बघायचं होतं,” जया म्हणाली.

मग तिनं प्रेमिलाला हाक मारली. “प्रेमिला, माझा चष्मा घरी राहिला. एवढ्या दोन ओळी भरून दे ना.”

चष्मा तिच्या पर्समध्ये होता.

प्रेमिला बसली. तिची बोटं झरझर चालली. आकडे संपले, पण बोटं थांबली नाहीत. ओळीतलं प्रत्येक उरलेलं घर ती भरत गेली. शून्य, शून्य, शून्य. तक्त्याच्या टोकापर्यंत. वरच्या-खालच्या ओळींतली घरं रिकामी होती, तिकडं तिनं पाहिलंही नाही. बावीस वर्षांची सवय होती ती. घर रिकामं ठेवायचं नाही.

जयानं पुढं होऊन कळ दाबली.

पडद्यावर डबकं उमटलं. आणि त्याच्या काठातून बाहेर, कोरड्या पांढऱ्या जागेत, एक फिकी निळी पट्टी कडेपर्यंत सरळ गेली. यंत्राला शून्य म्हणजे ‘काही नाही’ वाटत नव्हतं. त्याला वाटत होतं, इथं पाणी आहे, फक्त खोली शून्य आहे. म्हणून ते इमानदारीनं रंग भरत होतं. सावरटोल्याच्या मारुतीच्या पायऱ्यांवर त्यानं असाच रंग भरला होता.

प्रेमिला पडद्याकडं बघत राहिली. ती भूगोलाची होती. नकाशा वाचायला तिला दुसऱ्याची गरज नव्हती.

“तुया चष्मा पर्समधी हाये,” ती हळूच म्हणाली. “मले दिसून राह्यला.”

७

बाहेर तासाची घंटा झाली. पोरांचा गलका व्हरांड्यातून गेला आणि ओसरला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

“का केलंस?” जयानं विचारलं.

“तुले माहीत नाई?” प्रेमिलाचा आवाज कोरडा होता. “मी काठ काढला होता पाळीवर बसून. एकेक वळण. ते आली, माया कागद पाहला बी नाई, म्हणे, ‘छान आहे मॅडम, पण आता लागणार नाही.’ छान हाये म्हणे! सायेब येनार होते प्रदर्शनाले. त्याईच्या समोर गाववाले म्हनतील, खड्डा त या बाजूले हाये, हे का दाखवून राह्यले? लोक हासतील. बस. एवढंच पाहिजे होतं मले. तिचं हासू झालं पाहिजे.”

“आणि गावाला नकाशा गेला तेव्हा?”

प्रेमिलानं तोंड दाराकडं वळवलं.

“प्रेमिला, पंचायतीचा माणूस नकाशा नेत होता तेव्हा तू कुठं होतीस?”

“इथंच. व्हरांड्यात.” तिनं पदर तोंडावर धरला. “म्हटलं, गावचेच लोक हायेत, त्याइले खड्डा माहीत असंल. म्हटलं, सांगाव. पाय उठला नाई जया. सांगतलं असतं त पुसलं असतं, तुले कसं माहीत म्हणून.”

जयाला राग आणायचा होता. तो नीट येईना. त्या व्हरांड्यात आपण असतो तर आपला पाय उठला असता का, हा विचार मध्ये येऊन बसत होता.

“उद्या समिती आहे,” ती शेवटी म्हणाली. “मला सांगावं लागेल.”

“तू लिहून दे ना का ते विसरली. कोणाले समजनार हाये? एक तू, एक मी.” प्रेमिलानं तिचा हात धरला. “खरं सांग. तिचं नाव निंगालं तवा तुले बरं नव्हतं वाटलं? माया इतकंच तुले बी खुपत होती ते. माया इतकंच!”

“वाटलं होतं बरं,” जया म्हणाली. “आताही खुपते. पण मी खड्डा नाही हलवला, प्रेमिला.”

तिनं हात सोडवून घेतला. दोघी उठल्या आणि प्राचार्यांच्या खोलीकडं चालू लागल्या. दारापाशी प्रेमिला थांबली, तेव्हा जयाला वाटलं ती परत फिरणार. पण तिनं पदर नीट केला आणि आधी तीच आत गेली.

इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं. शनिवारच्या समितीत उर्वशीचं नाव निघालं ते निर्दोष म्हणून. प्रेमिला निलंबित झाली, पुढचं पोलिसांकडं गेलं.

समितीच्या खोलीबाहेर उर्वशीनं जयाला गाठलं. “मॅडम, मी चुकले नव्हते यावर तुमचा पहिल्यापासून विश्वास होता ना?”

हो म्हणणं किती सोपं होतं! पोरीच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रक्त दिसत होतं.

“नाही,” जया म्हणाली. “तूच चुकलेली असावीस, असं मला वाटत होतं.”

उर्वशीला ते समजायला क्षण लागला. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मान हलवून निघून गेली. त्यानंतर ती जयाशी बोलली ते कामापुरतं, कधी अनादरानं नाही आणि कधी मोकळेपणानंही नाही.

८

धनराज शुद्धीवर आला, पण उजवी बाजू लुळी पडली होती. शब्द अर्धेच यायचे. डॉक्टर म्हणत, वेळ लागेल, किती ते सांगता येणार नाही.

सोमवारी सकाळी प्रेमिला जयाच्या दारात उभी राहिली. “मले ब्रह्मपुरीले जाचं हाये. एकटीनं होत नाई.”

जया तिच्यासोबत गेली. बसमध्ये दोघी एका बाकावर बसल्या.

दवाखान्यात शकुबाई नवऱ्याला चमच्यानं पेज भरवत होती. अर्धी पेज ओठांच्या कडेनं खाली यायची. ती पदरानं पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची. दोघींना पाहून तिनं स्टूल पायानं पुढं सरकवलं. गावाला अजून सगळं कळलं नव्हतं.

प्रेमिला बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं. नकाशा आपण बदलला. त्या पोरीची फजिती व्हावी म्हणून. गावाला जाईल असं वाटलं नव्हतं. गेला तेव्हा आपण बोललो नाही. बोलताना ती शकुबाईकडं नाही, धनराजच्या लुळ्या हाताकडं बघत होती.

शकुबाईचा चमचा वाटीतच थांबला. जयाला वाटलं, आता ती वाटी फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

“बाई,” शकुबाई म्हणाली, “त्या पोरीसंग तुमचा झगडा होता ना?”

“हो.”

“मंग तिले बोलाचं होतं. तिच्या झिंज्या धरून भांडाचं होतं. आमी बी भांडतो ना बायका बायका, नळावर, तलावावर.” तिचा आवाज चढला नाही. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. “ह्या मानसानं तुमचं का केलं होतं?”

शकुबाईनं मग जयाकडं पाहिलं. ही शिकलेली दुसरी बाई तरी काही सांगेल, अशा नजरेनं.

शकुबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग चमचा भरला आणि नवऱ्याकडं वळली. “सरका थोडं,” ती म्हणाली, “त्याच्या तोंडावर उजेड येऊ द्या.”